डिकीतले बावीस किलो

यज्ञेश्वर सरांचा हिशेब चुकत नाही, अशी सदाशिव पेठेत त्यांची ख्याती होती. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा हात धुऊन गाडीच्या मागे लागले. फुकटचं वजन वाहिलं की पेट्रोल जास्त जातं, हे त्यांनी कुठेसं वाचलं आणि डिकी रिकामी करायला घेतली. आधी सतरंजी आणि पाण्याचा कॅन गेला. मग जॅक, पान्हे आणि शेवटी स्टेपनीही. सगळं वजनकाट्यावर तोलून दिवाणाखाली ढकललं. बावीस किलो भरलं. त्या दिवशी सर दोन पोळ्या जास्त जेवले.

"अहो, पंक्चर झालं तर?" हेमाताईंनी विचारलं.

"पुण्यात पावलोपावली पंक्चरवाला आहे. पाच वर्षांत किती वेळा झालं, सांग बघू."

एकदाही झालं नव्हतं. नवऱ्याला आकड्यांत हरवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी हिंजवडीहून भाची ऋतिकाचा फोन आला. हेमाताईंची धाकटी बहीण विजयमाला तिच्याकडेच अंथरुणाला खिळलेली, तीन दिवस बेशुद्ध होती. "मावशी, आई शुद्धीवर आलीय. ताई कुठंय, विचारतेय. डॉक्टर म्हणाले, हे थोडाच वेळ. लगेच निघ."

दोघं नेसत्या कपड्यांनिशी निघाले. चांदणी चौक मागे पडला आणि गाडीचं मागचं चाक बसलं.

फोन करून बोलावलेला पंक्चरवाला अर्ध्या तासाने आला. "काका, टायर फाटलाय. पॅच नाही बसणार. स्टेपनी काढा."

सरांनी डिकी उघडून दाखवली. पंक्चरवाल्याने एकदा डिकीकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि जुना टायर अन् जॅक आणायला तो परत गेला.

"मी रिक्षाने पुढे होते," हेमाताई म्हणाल्या.

"हायवेवर, या उन्हात रिक्षा कुठे शोधतेस? वीस मिनिटांचं काम आहे. बरोबरच जाऊ."

खरं सांगायचं तर सरांना तिथे एकट्याने उभं राहायचं नव्हतं. चूक आपली आहे हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि ते एकट्याने सोसायची त्यांची छाती नव्हती. हेमाताईंनी चाळीस वर्षांच्या सवयीने ऐकलं. ऋतिकाचा फोन दोनदा आला. मग यायचा थांबला.

वीस मिनिटांचा सव्वा तास झाला.

ऋतिकाच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. ती आईचा चेहरा ओल्या फडक्याने पुसत होती. "मावशी, पाऊण तास झाला गं. दाराकडेच बघत होती. मी आपली सांगत होते, ताई वाटेत आहे, वाटेत आहे."

हेमाताईंनी बहिणीचा गार हात मांडीवर घेतला आणि त्या पोटातून रडल्या.

"हेमा, माझं चुकलं," दारातून सर म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच निघाले असावेत. हेमाताईंनी ऋतिकाच्या हातातलं फडकं घेतलं आणि बहिणीचा चेहरा पुसू लागल्या.

आता या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून शेजारच्या बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी पहिला कप हेमाताईंपुढे धरला.

"आधी त्यांना द्या," हेमाताई म्हणाल्या. भेटायला आलेल्या परक्या माणसाबद्दल बोलावं, तशा. "त्यांना परत जायचंय. मी इथंच राहणार आहे."