चिंपांझीच्या पिल्लाचा चेहरा

जीवन कांबळे एकतीस वर्षांचा होता आणि दहावीतला दिसायचा. गोल चेहरा, मोठं कपाळ, टपोरे डोळे. भाईंदर पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो टेक्निशियन होता. सुई घेऊन पुढे झाला की पेशंट विचारायचे, "मोठं कोणी नाही का?" लग्नासाठी तीन मुलींनी त्याला नकार दिला होता. तिसरीने सरळ सांगितलं, "धाकटा भाऊ आहे मला. नवरा हवाय."

चौथी संघप्रिया. ती कॉलेजात बायोलॉजी शिकवायची आणि भाईंदरच्याच इंद्रलोक भागात आईवडिलांसोबत राहायची. जीवनच्या घरचे परभणीला, म्हणून रविवारी तो एकटाच तिला भेटायला आला.

"जय भीम, काका," तो मुद्दाम जाड आवाजात म्हणाला.

एसटीतून रिटायर झालेले तिचे वडील बापूराव त्याच्याकडे बघतच राहिले. दोन-चार प्रश्न झाल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "जा, तुम्ही दोघं आत बोला निवांत."

आतल्या टेबलावर प्लॅस्टरच्या तीन कवट्या होत्या, संघप्रियाने सोमवारच्या तासासाठी आणलेल्या. त्या बघताच जीवनचा जाड आवाज गायब झाला.

"हात लावू?"

"लावा. ही माणसाची. उरलेल्या दोन्ही चिंपांझीच्या. एक मोठ्याची, एक पिल्लाची. माणसासारखी कुठली दिसते?"

त्याने तिन्ही फिरवून पाहिल्या. मोठ्याचा जबडा पुढे आलेला, भुवयांवर हाडाची कड. पिल्लाचं डोकं गोल, चेहरा सपाट. "पिल्लाची. म्हणजे आपण मोठे होतच नाही?"

"होतो, पण लहानपणातलं बरंच काही जपून ठेवतो. चेहरा, खेळकरपणा, नवीन शिकायची हौस."

"का पण?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. काही जण म्हणतात, जोडीदार निवडताना पूर्वजांना मऊ चेहऱ्याची, कमी भांडखोर माणसं आवडली असतील. पिढ्यान् पिढ्या तशीच निवड होत गेली आणि आपण असे झालो. सगळ्यांना पटत नाही ते. मीही मुलांना सांगते, हा नुसता अंदाज आहे."

"मला नकार दिलेल्या तीन मुलींपर्यंत पोचला नाही वाटतं हा अंदाज," जीवन म्हणाला, आणि संघप्रियाला खूप हसू आलं. ती हसते म्हणून तोही हसायला लागला आणि हातातला मोठ्या चिंपांझीचा जबडा खाली पडला. तीन तुकडे झाले, काही दातही निखळले.

जीवन वाकून तुकडे गोळा करू लागला. "कॉलेजचा आहे ना? फेव्हिक्विक आहे घरात?"

मग तो फरशीवर मांडी घालून बसला. चहा निवला, पोहे सुकले. जिभेचं टोक बाहेर काढून तो एकेक दात जुळवत होता. आपण मुलगी बघायला आलोय हे तो साफ विसरला होता. पाऊण तासाने त्याने जबडा वर धरला. "बघा! एक दात वाकडा बसला, पण चावेल!"

संघप्रियाने जबड्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

तो गेल्यावर बापूराव म्हणाले, "पोरगा चांगलाय, पण फार पोरसवदा. संसार झेपेल का त्याला?"

"मोडलं ते टाकून पळाला नाही, पप्पा. बसून जोडलं त्याने. मला आवडलाय."

"मी एकदा बोलतो त्याच्याशी. सिरियसली."

पुढच्या रविवारी बापूरावांनी त्याला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. तासभर झाला तरी दोघं वर येईनात. काळजी वाटून इंदूबाई आणि संघप्रिया खाली गेल्या, तर आत कॅरम चाललेला. बापूरावांच्या बाह्या वर सरकवलेल्या, कपाळावर पावडर.

"काका, अंगठा मारला तुम्ही! चीटिंग!"

"कुठे मारला? राणी माझीच!"

इंदूबाई दारातच थबकल्या. गेल्या कित्येक वर्षांत नवऱ्याला असं ओरडताना त्यांनी ऐकलं नव्हतं. "अहो, बोलणार होतात ना त्याच्याशी?"

"बोललो की," बापूराव स्ट्रायकर लावत म्हणाले. "विहारात मे महिन्यातली तारीख विचारून ठेव. आणि जेवायचं पाच मिनिटं थांबव, हा बोर्ड मी सोडत नाय."

संघप्रियाने खुर्ची ओढली आणि जीवनशेजारी बसली. "सरक," ती म्हणाली. "मीपण खेळणार आहे."