पोटातलं औषध

सगळे त्यांना पुढारी म्हणत. आयुष्यभर त्यांनी कामगारांचे मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, पण सुई दिसली की त्यांची वाचा बसायची. त्यामुळे रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांना मरणापेक्षा सलाईनची धास्ती जास्त. पहिल्याच खेपेला शीर शोधताना त्यांच्या दोन्ही हातांची चाळण झाली होती.

हॉस्पिटलात एक अभ्यास चालू होता. तेच औषध काहींना शिरेतून द्यायचे, काहींना पोटातून, आणि फरक काय पडतो ते पाहायचे. कुणाला कसे, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. पण दुसऱ्याचे ऐकून घेण्याची पुढाऱ्यांना सवय कुठली? त्यांनी ऐटीत सही ठोकली.

त्यांच्या वाट्याला ‘पोटातून’ आले. पुढारी हरखले. पोटातून म्हणजे पातळ औषध, फार तर गोळी! डॉक्टर नक्की काय म्हणाले, असे बायकोने विचारले, तर तिलाच वेड्यात काढले. ठरल्या दिवशी स्वारी खिशात घरचा चमचा घालून हजर.

सिस्टर सिरिंज घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘काका, शर्ट वर करा.’’

सुई पोटावर, कातडीखाली टोचायची होती. पाच मिनिटांचे काम. पुढारी ताडकन उठले.

‘‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका!’’

कारखान्याच्या फाटकावर हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा म्हटले होते. शब्दशः अर्थाने आज पहिल्यांदाच. मग अभ्यासातून नाव काढून शिरेतून घ्या, असे सिस्टरने सुचवले. तेही नको. औषधच नको, आपण चाललो घरी, असे जाहीर करून ते दाराकडे वळले.

बायको जागची हलली नाही.

‘‘अहो, संप कुणाविरुद्ध करताय? हा आजार काय वाटाघाटीला येणार आहे?’’ मग आवाज उतरला. ‘‘आणि तुम्ही गेल्यावर मी भांडू कुणाशी?’’

पुढारी दारातच घुटमळले. मागे फिरले, खाटेवर आडवे झाले, शर्ट वर केला आणि डोळे घट्ट मिटून अट घातली, ‘‘डाव्या बाजूला टोचा. उजवीकडे मी जन्मात गेलेलो नाही.’’

सिस्टरने पोटाची कातडी चिमटीत धरली आणि हळूहळू औषध सोडले. पुढारी कण्हले, पण हलले नाहीत.

‘‘झालं, काका. पुढच्या वेळी उजवीकडे हं. दर खेपेला बाजू बदलावी लागते.’’

पुढाऱ्यांनी एक डोळा उघडून बायकोकडे पाहिले.

‘‘बघ,’’ ते म्हणाले, ‘‘या वयात पक्षांतर.’’