यंदा शिपायाला काय झालं

उस्तादांनी चाळीस वर्षं लाकडाला पॉलिश केलं. खुर्च्या, कपाटं, पलंग, एकदा तर एका नाटकगृहाचे सगळे कठडे. कारखान्यातल्या लोकांनी त्यांना उस्ताद म्हणायला सुरुवात केली, आणि कारखाना सुटला तरी ते नाव काही सुटलं नाही. जुनी वस्तू नव्यासारखी दिसली पाहिजे आणि आपला हात कुठे फिरला ते कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हातात पॉलिश पेपर आला की मधेच थांबणं त्यांना जमत नसे. सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

सूनबाईने यंदा पहिल्यांदाच घरी नाताळची पार्टी ठरवली होती. नुसता केक कापून मोकळं व्हायचं, असली पार्टी नव्हे. तिच्या माहेरी अक्रोड फोडणारा एक लाकडी शिपाई होता. हातभर उंच, लाल कोट, काळी टोपी, हनुवटीला पांढरी दाढी. पाठीमागची दांडी उचलली की त्याचा जबडा उघडायचा. दातांत अक्रोड ठेवून दांडी खाली दाबली की कडाड! दर नाताळला पहिला अक्रोड तिचे वडील फोडायचे आणि मग जेवणं सुरू व्हायची. या शिपायाभोवतीच सगळी पार्टी बेतली होती. पाहुण्यांसाठी पुठ्ठ्याच्या उंच टोप्या, ज्यांना शिपाई व्हायचं नसेल त्यांच्यासाठी उंदराचे कान, आणि टेबलाच्या मधोमध खुद्द शिपाईमहाराज. सूनबाई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथले नऊजण येणार होते, वरच्या मजल्यावरचं जोडपं येणार होतं, आणि आली तर तिची आई.

आईचंच काही नक्की नव्हतं. सूनबाईचे वडील जाऊन नऊ महिने झाले होते आणि तेव्हापासून विहीणबाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. लेकीने नाना परींनी विनवलं, रुसून पाहिलं, दोन वेळा फोन आपटला. शेवटी त्या म्हणाल्या, "शिपाई मांडणार असशील, तर येते."

सूनबाईने माहेरी जाऊन शिपाई आणला आणि सासऱ्यांपुढे ठेवला. "बाबा, याचा जबडा ढिला झालाय. तेवढा बघाल?"

जबडा घट्ट करणं दहा मिनिटांचं काम. उस्तादांनी ते केलंही. पण मग त्यांनी शिपायाला उजेडात धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कुणीतरी जागोजागी नेलपॉलिश फासलं होतं. गुडघ्यावर जांभळं, कानावर नारिंगी, गालावर गुलाबी, नाकावर तर लालभडक. एकही ठिपका धड नाही. सगळे ओघळलेले, रेघ सोडून बाहेर गेलेले. "कुठल्या अडाण्याचा हात आहे हा!" असं म्हणत उस्तादांनी पॉलिश पेपर काढला.

दोन दिवस सूनबाई कामावर गेली की ते बसत. सगळं घासून काढलं, खड्डे लांबीने लिंपून बुजवले, रंगाचे तीन हात दिले, मिशीची दोन टोकं केसाएवढ्या ब्रशने काढली. शिपाई असा झाला की त्याला लढाईवर पाठवायला जीव धजावू नये.

संध्याकाळी सूनबाई आली. खांद्यावरची पर्स तशीच ठेवून ती टेबलासमोर उभी राहिली. उस्ताद कौतुकाची वाट बघत होते.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली. जेवताना तिने मीठ मागितलं, तेवढाच तिचा आवाज.

मुलगा स्टुलावर चढून दिव्यांच्या माळा लावत होता. उस्तादांनी त्याला विचारलं, "हिचं काय बिनसलंय?"

मुलगा खाली उतरला. "बाबा, ते नेलपॉलिश तिच्या पप्पांनी लावलं होतं. दर नाताळला एक ठिपका. ती चार वर्षांची होती तेव्हापासून."

उस्तादांनी कपाळावर हात मारला. "मग बोलली का नाही? मला फाडून खायचं होतं तिने!"

"तुम्ही दोन दिवस पाठ मोडून बसला होता. काय बोलणार? आता तिला धास्ती आहे आईची. त्या दारातून येतील आणि शिपायाला बघून उलट्या पावली जातील. बोलू नका पण तुम्ही काही. ती म्हणते, बाबांना कळू देऊ नको."

बोलू नका म्हणे! उस्तादांना त्या रात्री अंथरूण टोचत राहिलं. सकाळी मात्र त्यांना वापरलेल्या पॉलिश पेपरांचा डबा आठवला. झिजलेला पेपर ते कधी टाकत नसत. शेवटचा हात फिरवायला तो नव्यापेक्षा बरा. डबा उघडला तर तीन तुकड्यांवर रंगांचे पट्टे जसेच्या तसे चिकटलेले. जांभळा, नारिंगी, गुलाबी, लाल. आयुष्यभर रंगाला रंग जुळवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? पुन्हा तसेच ठिपके देऊ, कुणाला पत्ताही लागणार नाही.

तुकडे खिशात घालून ते दुकानात गेले. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "कुणासाठी हवंय, आजोबा?"

"शिपायासाठी."

मुलीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. "कुठला रंग?"

उस्तादांनी पॉलिश पेपर काचेवर मांडले. मुलगी चांगली होती, हसली नाही. पंधरा बाटल्या काढून तिने एकेक रंग लावून बघितला. लाल मिळाला, गुलाबी मिळाला, नारिंगीही जवळपास मिळाला. "हा जांभळा मात्र नाही मिळायचा," ती म्हणाली. "माझी आई लावायची हा. बंद होऊन कितीतरी वर्षं झाली."

पार्टीच्या दिवशी दुपारी घरात उस्ताद एकटेच होते. सूनबाई केक आणायला गेली होती, मुलगा खुर्च्या मागायला. उस्तादांनी आधी लाकडाच्या फळकुटावर लाल ठिपका देऊन पाहिला. ठिपका उमटला तो छापल्यासारखा गोल. पुन्हा दिला, पुन्हा गोल. डाव्या हाताने दिला, तोही बरा आला. त्यांनी चरफडत डोळे मिटले आणि ब्रश टेकवला, तो डाव्या अंगठ्याच्या नखावर. अख्खं नख लाल.

नेमकी तेव्हाच दारावरची घंटा वाजली. दारात विहीणबाई. हातात छोटी बॅग, गळ्याभोवती नवऱ्याचा करडा मफलर.

"लवकरची गाडी मिळाली," त्या म्हणाल्या. "दुसरीची वाट बघत बसले असते तर घरी परतले असते." मग त्यांची नजर खाली गेली. "व्याही, एकाच अंगठ्याला लावलंत? बाकीच्या नखांनी काय घोडं मारलंय?"

एरवी उस्ताद हसले असते. आज त्यांनी अंगठा मुठीत लपवला. खांद्यावरचं फडकं शिपायावर टाकावं असं एकदा मनात आलं. पण बाई बॅग ठेवून टेबलापाशी पोचल्याही होत्या.

त्यांनी शिपायाला उचललं. उलटा केला, सुलटा केला, नाकावरून बोट फिरवलं.

"मी केलं हे," उस्ताद म्हणाले. "सूनबाईने जबडा बघा म्हटलं होतं. नुसता जबडा. मी सगळं घासून काढलं. कुणाचा हात आहे ते विचारायची बुद्धी झाली नाही. आणि आता चोरासारखे पुन्हा ठिपके द्यायला बसलोय, तर तेही येत नाही मला. विहीणबाई, तुम्हाला जायचं असेल तर मी स्वतः गाडीवर सोडायला येतो. पण पोरीवर राग धरू नका. तिची काही चूक नाही."

"कुठं गेलं ते?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"जे घासलंत ते."

उस्तादांनी डबा आणून तीन तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. बाई खुर्चीत बसल्या. जांभळ्या पट्ट्यावर बोट दाबून त्या बोटाकडे बघत राहिल्या. बोटाला काही लागलं नव्हतं. डोळे मात्र भरून आले होते. उस्ताद भिंतीकडे बघू लागले.

"पहिल्या वर्षी काय झालं, ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या हातून हा पडला. नाकाचा रंग उडाला. पोरगी झोपली होती. ती उठायच्या आत ह्यांनी माझ्या टेबलावरचं नेलपॉलिश घेतलं आणि दिलं फासून. ती उठली, म्हणाली, पप्पा, शिपायाला काय झालं? हे म्हणाले, सर्दी झालीय." बाईंनी मफलरच्या टोकाने नाक पुसलं. "झालं! दर नाताळला पोरगी विचारायची, यंदा शिपायाला काय झालं? आणि ह्यांना दर वर्षी नवीन दुखणं शोधावं लागायचं. कधी उंदीर कानाला चावला, कधी परेडमध्ये गुडघा फुटला. लग्न झालं तरी फोन करून विचारायची. चोरून नेलपॉलिश लावणारे तुम्ही पहिले नव्हे, व्याही. फक्त ह्यांचा हात तुमच्यापेक्षा फार वाईट होता."

"तो हात मला जमत नाही," उस्ताद म्हणाले.

"नकाच जमवू. जुनं आता गेलं ते गेलं." त्या कडक आवाजात म्हणाल्या, आणि उस्तादांना तो कडकपणा बरा वाटला, माफीपेक्षा तो झेपण्यासारखा होता. "मला वाईट वाटलंय. ते आज जायचं नाही. पण मी मफलर काढतेय, म्हणजे मी राहतेय. कात्री कुठंय? या टोप्यांच्या कडा कुणी कापल्यात, उंदरांनी?"

सूनबाई केक घेऊन आली तेव्हा दोघं समोरासमोर बसून पुठ्ठा कापत होते आणि शिपाई मधे उभा होता. ती दारातच थबकली. आईकडे बघितलं, शिपायाकडे बघितलं, सासऱ्यांच्या अंगठ्याकडे बघितलं.

"आई, तो..."

"बघितला मी. केक ठेव आधी, वाकडा होईल."

केक ठेवून ती आईच्या गळ्यात पडली. उस्ताद उठून उगीच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि दोन पेले पाणी प्याले.

संध्याकाळी घर भरलं. प्रयोगशाळेचे मोठे साहेब उंदराचे कान लावून सूप वाढत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन टोप्या एकावर एक घातल्या होत्या आणि मी सुभेदार आहे म्हणत सगळ्यांकडून सलाम घेत होत्या. अक्रोडांची परात टेबलावर आली तशी सगळे गोल उभे राहिले आणि गलका थांबला. पहिला अक्रोड कोण फोडणार, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

सूनबाईने शिपाई उचलला. ती सासऱ्यांकडेच बघत होती.

"बाबा, यंदा शिपायाला काय झालं?"

उस्तादांना बोलणं कधी जमलं नव्हतं. चौदा टोप्या आणि कान त्यांच्याकडे वळले. त्यांनी घसा खाकरला.

"यंदा..." ते म्हणाले, "यंदा एका म्हाताऱ्याच्या तावडीत सापडला. त्याने धरून अंघोळ घातली. इतकं घासलं की ओळखच राहिली नाही."

मग सूनबाई फस्सकन हसली, हसता हसता तिने डोळे पुसले, आणि सगळं घर हसू लागलं. विहीणबाईंनी लाल बाटली उस्तादांपुढे सरकवली.

"घ्या. नाकापासून सुरुवात करा."

"मी? अहो, तुमच्यापैकी कुणीतरी..."

"अंघोळ कुणी घातली?" सूनबाई म्हणाली. "मग सर्दी त्यालाच निस्तरावी लागणार."

उस्तादांनी चष्मा सावरला, श्वास रोखला आणि ब्रश नाकाच्या शेंड्याशी नेला. हात दगडासारखा स्थिर. ठिपका पुन्हा छापल्यासारखा येणार, हे त्यांना दिसतच होतं. ब्रश टेकला आणि त्याच क्षणी सूनबाईने त्यांच्या कोपराला मुद्दाम, सरळ सरळ, एक धक्का दिला.

लाल रेघ नाकावरून थेट मिशीत गेली. ती केसाएवढ्या ब्रशने काढलेली मिशी.

उस्तादांचा हात सवयीने खांद्यावरच्या फडक्याकडे गेला. फडकं अर्धं ओढलंही. मग त्यांनी ते पुन्हा खांद्यावर टाकलं.

"अगदी ह्यांच्यासारखं!" विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी परातीतला एक अक्रोड निवडून शिपायाच्या दातांत ठेवला आणि दांडीवर हात टेकवला. "दाबू का? जबडा तरी नीट केलाय ना, व्याही?"

"दाबून तर बघा," उस्ताद म्हणाले.

कडाड!