वर बघितलं की अर्धा गुण

सोळा वर्षं मी विमानतळाच्या टॉवरवर बसून काचेतून विमानं बघितली, त्यांना उतरवलं. मग रडारच्या वरच्या कोर्ससाठी ओक्लाहोमा सिटीला आले, आणि पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्याने मला सांगितलं की विमानाकडे बघायचं नसतं, पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायचं असतं.

म्हाताऱ्याचं नाव व्हर्जिल स्टबलफील्ड. वय एकाहत्तर. तीस वर्षं रडारच्या अंधाऱ्या खोलीत काढली आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा तसल्याच खोलीत शिकवायला आला. बहुतेक बाहेरचा उजेड सोसत नसावा. खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. एक वाक्य, एक बी, आणि टरफल कागदी कपात.

आम्ही चौदा जण होतो, सगळे बदलीवाले. यातला एकही नवशिका नव्हता हे आधी लक्षात घ्या. प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या टॉवरमध्ये दहा-दहा वर्षं माणसांनी भरलेली विमानं सुखरूप उतरवली होती. तरी आम्हाला खुर्चीत कसं बसायचं इथपासून शिकवलं. सरकारी कोर्स असाच असतो. तुम्हाला जे येतं ते आधी पुसून काढायचं आणि मग त्याच जागेवर तेच लिहून द्यायचं.

माझा टॉवर कॅन्ससच्या पश्चिम टोकाला, डॉब्सन फील्डवर. शेजारची धान्याची कोठारं आमच्यापेक्षा उंच. विमान येतंय ते बघायचं, चाकं खाली आहेत का ते बघायचं, धावपट्टीवर हरीण आलं तर वैमानिकाच्या आधी आपण बघायचं. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकले ते मान वर करून शिकले.

बदली मी हौसेने मागितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, एक्केचाळिसाव्या वर्षी, मी एमेटशी लग्न केलं. एमेट राहतो उत्तरेत, मिनेसोटात, एका मोठ्या तळ्याकाठी, आणि होड्या दुरुस्त करतो. कॅन्ससच्या गव्हात होड्या कुणाच्या दुरुस्त करणार? म्हणून मीच जायचं ठरलं. दोन वर्षं आम्ही महिन्यातून एकदा नवरा-बायको होतो आणि बाकीचे दिवस फोनवरचे मित्र. त्याच्या गावाजवळ रडारच्या खोलीत एक जागा सुटली, मला मिळाली, अट एकच: हा कोर्स पास व्हायचा. शंभरात सत्तर. नापास झालं तर परत डॉब्सन फील्ड, आणि पुढची दोन वर्षं अर्जसुद्धा करायचा नाही.

एमेट तिकडे घर नीट करत होता. त्याने फोनवर विचारलं, स्वयंपाकघराची उत्तरेची खिडकी हिवाळ्यात फार वारा आत घेते, फळ्या ठोकून बुजवू का. मी म्हटलं, बुजव, मला काय.

माझी खोड तिसऱ्या दिवशी उघडकीला आली. पडद्यावर गर्दी वाढली की मी वर बघायची. समोर भिंत. तरी बघायची. सोळा वर्षं तिथे काच होती, मानेला ते पाठ झालं होतं. स्टबलफील्ड माझ्यामागे उभा राहून मोजायचा. पहिल्या आठवड्यात तासाला एकतीस. त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की शेवटच्या परीक्षेत प्रत्येक वेळी वर बघितल्याचा अर्धा गुण कापला जाईल, आणि तसं छापील तक्त्यातच आहे. खरंच होतं. ‘नजर पडद्यावरून हटणे’ नावाचा रकानाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जागेसमोरच्या भिंतीवर खिडकी होती. कागदाची. निळं आकाश, दोन पांढरे ढग, एक कापडी पडदा आणि खाली कुंडी. कोपऱ्यात एक कावळा, तो स्टबलफील्डसारखा दिसत होता. हे काम टेरेल बोजचं. टेरेल माझ्या शेजारच्या पडद्यावर बसायचा. जॉर्जियातल्या लष्करी तळावरून आलेला, तोंडाचा पट्टा कधी बंद नाही.

“घे, खिडकीवाली,” तो म्हणाला. “कुंडीला पाणी तेवढं रोज घाल.”

सगळे हसले. मीही हसले आणि मनात त्याला दोन शिव्या दिल्या. स्टबलफील्डने ते चित्र बघितलं, कावळ्यावर जरा जास्त वेळ थांबला, आणि काढलं मात्र नाही.

आता या गावाची एक गोष्ट सांगते. दर शनिवारी बाराला इथे वादळाचे भोंगे तपासणीसाठी वाजतात, त्याला कुणी भीक घालत नाही. पण चौथ्या आठवड्यात भोंगे मंगळवारी वाजले. म्हणजे खरे. आम्ही परगावचे धावत खालच्या खोलीत गेलो. आणि इथली माणसं? ती अंगणात गेली. गाडीतळावर कपाळावर हात धरून एक रांग उभी, आणि रांगेत सगळ्यात पुढे स्टबलफील्ड, मान वर करून ढग बघतोय. मी जिन्यातून ओरडून विचारलं की रडारवर दिसत नाही का वादळ. तो मागे न बघता म्हणाला की दिसतं, पण आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं. मी ते जपून ठेवलं. अशा गोष्टी जपून ठेवायच्या असतात.

परीक्षेपर्यंत मी तासाला बारावर आले होते. त्याखाली मान जाईना.

परीक्षा म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचा खेळ. विमानं खोटी, पण बोलणारी माणसं खरी. ती शेजारच्या खोलीत बसतात, त्यांना आम्ही भुतं म्हणतो. माझ्या वाट्याला व्हर्लीन नावाची आजी आली होती. एकटी सहा विमानांची वैमानिक. सहाही विमानं त्याच घोगऱ्या, संथ आवाजात बोलायची, आणि सांगाल ते शब्दशः करायची. तुम्ही चुकून डोंगरात वळा म्हणालात, तर व्हर्लीन आनंदाने डोंगरात वळणार.

मी उत्तरेकडची विमानं सांभाळत होते, टेरेल दक्षिणेकडची. माझ्यामागे स्टबलफील्ड, टेरेलमागे दुसरी एक परीक्षक. विसाव्या मिनिटापर्यंत माझं छान चाललं होतं. मग एकदम तीन विमानं आत आली, आणि मान गेली वर. निळं आकाश, ढग, कावळा. मागे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला. अर्धा गुण.

मी नजर खाली आणली.

रडारच्या पडद्यावर विमान सरपटत नाही. दर पाच सेकंदांनी एक पाऊल टाकतं. तुम्ही एकटक बघत राहिलात तर डोळे थकतात, आणि विमानाने पाऊल टाकलं नाही तरी डोळेच ते टाकून देतात. पण वर बघून परत आलात तर लगेच कळतं कोण कुठवर गेलं. माझं एकही विमान कुठेच गेलं नव्हतं. मी पाच मोजले. परत पाच मोजले. कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं, ठिपके जागच्या जागी.

शेजारी टेरेल त्या मेलेल्या ठिपक्यांशी झकास बोलत होता. एकाला डावीकडे वळवत होता, दुसऱ्याला खाली आणत होता, आणि पडद्यामागे ती दोन्ही विमानं खरोखर वळत होती, उतरत होती, एकमेकांच्या दिशेने.

“टेरेल,” मी म्हटलं, “वर बघ.”

“आत्ता गंमत नको गं.”

“वर बघ, आणि मग खाली बघ.”

त्याने कागदी खिडकीकडे बघितलं. मग खाली. त्याचा चेहरा कुणीतरी खालून खेचल्यासारखा उतरला.

पुढची चार मिनिटं मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. सगळ्या विमानांना सांगितलं की रडारवर तुम्ही दिसत नाही, आपापली उंची बोला. व्हर्लीनने सहा वेळा, न गडबडता, सहा उंच्या सांगितल्या. मी त्या कागदी पट्ट्यांवर लिहिल्या आणि विमानं एकावर एक रचली, मध्ये हजार-हजार फूट सोडून, डब्यावर डबा ठेवावा तशी. टेरेलने आपली दोन विमानं एकमेकांपासून दूर वळवली आणि माझ्यासारखंच केलं. कुणी कुणाला धडकलं नाही. मग दिवे लागले आणि कुणीतरी येऊन सांगितलं की यंत्र अडकलं होतं. हे परीक्षेत मुद्दाम घातलेलं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

स्टबलफील्डने नियमांची वही काढली. यंत्र बिघडलं तर पेपर रद्द. एक वाजता नवा पेपर, नवी विमानं, शून्यापासून.

माझं डोकं फिरलं. मी विचारलं, पडदा थांबला तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, एवढं श्रेय त्याला द्यावं लागेल. त्याने बी चावली. “तुझ्या मानेकडे,” तो म्हणाला.

“म्हणजे पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. आणि त्या मंगळवारी तुम्ही गाडीतळावर काय करत होतात?”

त्याने टरफल कपात टाकलं आणि सांगितलं की एक म्हणजे एक, उशीर चालणार नाही.

जेवणाला तळलेली भेंडी आणि पांढऱ्या रश्शातलं मटण होतं. टेरेल पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. त्याचं म्हणणं, मी तुझे पाय धरतो, फक्त पंचेचाळीस मिनिटं मान खाली ठेव, मग मिनेसोटाला जाऊन जन्मभर छताकडे बघत बस. नवऱ्याचा विचार कर. खिडकीचं ते चित्र मीच काढून टाकतो, म्हणजे तुला मोहच नको.

मी म्हटलं, हात तर लावून बघ.

हा शहाणपणा नव्हता, मला कबूल आहे. माझं अख्खं घर त्या सत्तर गुणांवर उभं होतं. पण आता मला कळलं होतं की मान वर जाते ती खोड नाही. आणि जे मला बरोबर दिसलं ते एका रकान्यासाठी चूक म्हणायला मी तयार नव्हते. तसं म्हणून पास झाले असते, तर मिनेसोटाच्या खऱ्या पडद्यासमोर, खऱ्या माणसांच्या विमानांसमोर, मी मान खाली घालूनच बसले असते.

एक वाजता मी बसले आणि वर बघितलं. चुकून नाही, ठरवून. दर चार मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखं. प्रत्येक वेळी मागे पेन्सिल घासली. शेवटच्या मिनिटांत पाच विमानं एकाच वेळी माझ्याशी बोलत होती, म्हणजे व्हर्लीन एकटीच पाच वेळा बोलत होती, आणि तरी मी अकराव्यांदा वर बघितलं. कावळ्याने माझ्याकडे बघितलं.

तासाभराने स्टबलफील्डने मला कागद दिला. सत्त्याहत्तर. खाली रकान्यात अकरा रेघा. वजा साडेपाच. साडेएकाहत्तर.

“सगळे कापले?” मी विचारलं.

“सगळे. तक्त्यात आहे.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

त्याने खिशातून बी काढली. “मला काय वाटतं त्याला रकाना नाही,” तो म्हणाला. मग त्याने उजवा हात पुढे केला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. तळहाताला बियांचं मीठ लागलेलं होतं.

टेरेल त्र्याऐंशीने पास झाला आणि दोन दिवस मला गुण मोजून दाखवत होता. भिंतीवरची खिडकी मी न फाडता सोडवून घेतली, नळीसारखी गुंडाळली आणि बॅगेत घातली.

एमेटला फोन केला. पास झाले, एवढंच सांगितलं. तिकडून हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मी त्याला अकरा वेळांचं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे आणखी चार वेळा वर बघितलं असतंस तर आपण परत फोनवर. मी म्हटलं, हो.

“बाई, तू अवघड आहेस,” तो म्हणाला.

“उत्तरेची खिडकी बुजवलीस का?”

“अर्धी झाली. आत्ता तेच करतोय.”

“फळ्या काढ,” मी म्हटलं.