मुकी बरणी

आई गेल्यापासून बाबा चार घास खाऊन ताटावरून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, भूक नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचे हात आता शर्टाची बटणं लावतानाही दमत होते. ऑफिसातून आल्यावर मी आधी कचऱ्याच्या डब्यात डोकावून त्यांनी दुपारचं किती टाकलं ते बघायची. मला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू?

बाजारात पीच आले तेव्हा मी आईचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. "पुढच्या वर्षीचं आता कोणासाठी भरतेस?" बाबा म्हणाले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आईचा फ्रीझरवर विश्वास नव्हता. फ्रीझर म्हणजे भाड्याचं घर, वीज गेली की सामान रस्त्यावर, असं ती म्हणायची. वाटाण्यापुरता ठीक, पीच मात्र बरणीतच. फोडी भरायच्या, वर साखरेचा पाक ओतायचा, झाकण घट्ट बसावं म्हणून बरणीची कड ओल्या फडक्याने पुसायची, पत्र्याचं झाकण लावायचं आणि बरण्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. बाहेर काढल्यावर निवता निवता एकेक झाकण आत बसायचं आणि टक्कन वाजायचं. वाजली ती बरणी वर्षभर टिकणार. वाजली नाही ती त्याच दिवशी संपवायची, हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दरवर्षी एक बरणी हमखास मुकी राहायची. मी आणि बाबा कानात प्राण आणून टेबलाशी बसायचो. शेवटी आई कपाळाला हात लावायची, "हात चुकला बाई माझा" म्हणायची आणि चमचे काढायची. माझ्या लहानपणातले सगळ्यात गोड दिवस तेच.

शनिवारी मी पहिल्यांदाच एकटीने नऊ बरण्या भरल्या. बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत, पण दार उघडं होतं. नऊच्या नऊ वाजल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मी चक्रावले. धांदरट म्हणून मी घरात प्रसिद्ध. माझी पहिल्याच खेपेला एकही चुकली नाही, मग पाकाचा थेंब न सांडणाऱ्या आईची दरवर्षी बरोबर एकच कशी चुकायची?

कळलं तेव्हा ओट्याला टेकून मी हसले, आणि हसता हसता रडले. आतून बाबा म्हणाले, "नऊ झाल्या," आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

रविवारी उरलेल्या पीचच्या आणखी नऊ भरल्या. या वेळी शेवटच्या बरणीची कड मी पुसली नाही. उलट फोडीचा थोडा गर बोटाने तिथे नीट लावून ठेवला. बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि भांडी घासायला घेतली.

आठव्या आवाजानंतर बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग आत खुर्ची सरकली. बाबा दारात येऊन उभे राहिले. बिघडलेलं घड्याळ कानाशी धरताना करायचे तशी मान एका बाजूला कलती होती.

"आठच," ते म्हणाले.

"हात चुकला माझा." मला खोटं धड बोलताही आलं नाही.

त्यांनी खणातून दोन चमचे काढले. टेबलाशी आले आणि एकाही झाकणाला हात न लावता सरळ उजव्या टोकाची बरणी पुढे ओढली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझी आईपण टोकाचीच ठेवायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"घड्याळजी आहे मी. पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण बोललो असतो तर तिने सोडून दिलं असतं."

ते खात होते. एक फोड, दुसरी, मग मी मोजायचं थांबवलं, कारण माझ्या वाटच्याही त्यांनी संपवल्या. तळाचा पाक बरणी तिरकी करून प्यायले आणि हनुवटीवरचा ओघळ बाहीने पुसला.

"पुढच्या वर्षी मधली ठेव," ते म्हणाले. "मला जरा शोधावी तरी लागेल."