साडेतीन मिलिमीटर

उपेंद्र पाराशरे यांनी आयुष्यातली चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात घालवली. तपासणी खात्यात होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका जरी फरक निघाला तरी लाल खूण करून परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं काही थांबलं नाही. आमटीत मीठ किती कमी आहे हे ते चिमटीत सांगत, आणि त्यांच्या पत्नी संपदाबाई म्हणत, "आता लाल खूण करा आणि जेवा."

दुसरा नाद आकाशाचा. दोन वर्षं बाल्कनीत बसून त्यांनी दुर्बिणीसाठी आठ इंची आरसा स्वतः घासला. कुठलं यान कधी सुटलं, कुठल्या कक्षेत गेलं, सगळं तोंडपाठ. पण दुर्बीण मात्र पलंगाखाली. सोसायटीची गच्ची सौर पॅनेलांनी भरून गेली आणि वर कुलूप लागलं. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी सगळी सोसायटी खाली टीव्हीसमोर जमली, पेढे वाटले, झेंड्याबरोबर फोटो काढले. ढग फाटून वर अर्धा चंद्र दिसत होता. उपेंद्ररावांनी दुर्बीण जिना उतरवून आवारात आणली आणि म्हणाले, "या, प्रत्यक्ष बघा." आठ-दहा जणांनी दुर्बिणीबरोबरही फोटो काढले. आत डोकावलं एकानं, तेही चुकीच्या बाजूनं.

तेव्हापासून त्यांचा डोळा पुरुषोत्तमाच्या देवळावर होता. नाशकात गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, दोन गल्ल्या आत असलेलं हे देऊळ, भलंमोठं फरसबंद अंगण, आणि सभामंडपाच्या गच्चीवर एक रिकामी खोली. खोलीला चारी बाजूंनी आकाश. दुर्बीण कायमची तिथं ठेवायची, येईल त्याला दाखवायचं, एवढंच मागणं. चार अर्ज झाले. शेवटी विश्वस्त मंडळाचे चिटणीस किशोर चांदवडकर एकदाचे बोलले.

"उपेंद्रराव, अर्जानं काही होत नाही. लोकांना काहीतरी दाखवा. अधिक महिन्याचं कीर्तन आहे, तीनशे माणूस येतं. त्यांनी माना डोलावल्या की खोली तुमची. नाहीतर पावसाआधी मांडववाल्याचे बांबू तिथं पडायचेत."

उपेंद्ररावांना हवं होतं तेच झालं. कीर्तनाच्या दिवसांतच होती अधिक ज्येष्ठ चतुर्थी, वीस मे. वर्षातून दोनदाच सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, त्यातला हा पहिला दिवस. दुसरा जुलैत, तेव्हा सूर्य कसला, ढगच. म्हणजे संधी एकच. त्यांनी एक मीटर उंचीची पितळी नळी कातून घेतली, तिला तीन स्क्रूंची बैठक केली, खाली पांढरी फळी. किशोरभाऊंना वेळ लाल शाईनं लिहून दिली: दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटं.

कीर्तनाला इंदिराताई होत्या. त्यांच्या कीर्तनाला एकदा बसलेला माणूस मधून उठत नाही असा लौकिक. उपेंद्रराव आदल्या दिवशी त्यांना भेटले.

"मला बारा पंचवीसला माणसं बाहेर हवीत. आधी नको, नंतर नको."

इंदिराताई हसल्या. "माणसं काय नळ आहेत, बारा पंचवीसला सोडायला? पण ओढते आख्यान तेवढ्यापर्यंत. तुमचा सूर्यही नारायणच."

वीस तारखेला सकाळी नऊला नळी, ओळंबा आणि पाणसळ घेऊन उपेंद्रराव देवळात पोचले, आणि दारातच थबकले. कमानीवर फ्लेक्स लागला होता. त्यात किशोरभाऊंचा हात जोडलेला फोटो, आणि खाली: शून्य सावलीचा चमत्कार, दुपारी ठीक बारा वाजता, लगेच महाप्रसाद.

"किशोरभाऊ, मी बारा एकतीस लिहून दिलं होतं."

"दिलं होतंत. पण असा आकडा असतो का हो? लोकांना वाटेल छापण्यात चूक झाली. मध्यान्ह म्हणजे बारा. देवळात घंटा बाराला होते, माझ्या आजोबांपासून."

"घंटा घड्याळावर होते. सूर्य घड्याळ बघून चालत नाही."

"मग आजच्या दिवस चालायला सांगा त्याला."

"अहो, आपली घड्याळं लावलीत तिकडे मिर्झापूरकडच्या रेषेवर. तिथं डोक्यावर आल्यावर सूर्याला नाशिकपर्यंत यायला पस्तीस मिनिटं लागतात. त्यातून आजच्या तारखेची साडेतीन वजा करा..."

किशोरभाऊंचा फोन वाजला. "हां, बोल रे. बांबू निघाले का? ये घेऊन, गेट उघडं आहे." फोन ठेवून ते म्हणाले, "हां, काय म्हणत होतात? मिर्झापूर."

 अंगणाच्या मधोमध बसून उपेंद्रराव नळी ओळंब्यात आणू लागले. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत त्यांनी अर्धा तास घेतला. 

साडेदहाला टाळ वाजले. इंदिराताईंनी पूर्वरंगात अधिक महिना का येतो ते सांगितलं. चंद्र भराभर चालतो, त्याचं वर्ष अकरा दिवस आधी संपतं. सूर्य आपल्या चालीनं येतो. दोघांची चुकामूक वाढत वाढत महिन्याएवढी झाली की थोरलेपणानं एक महिना मध्ये घालायचा आणि दोघांना पुन्हा एका पंक्तीला बसवायचं. उपेंद्रराव खांबाला टेकून ऐकत होते. एकही आकडा चुकला नाही. इतकं सोपं आपल्याला कधी सांगता आलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याचाही त्यांना थोडा राग आला.

मग उत्तररंग. त्या वाढीव महिन्याची गोष्ट. बारा महिन्यांना बारा धनी, याला कुणी नाही. लग्न नको, मुंज नको, याचं नावसुद्धा मलमास. तो रडत रडत दारोदार फिरला, प्रत्येक देवानं दार लावलं, शेवटी वैकुंठाच्या पायरीशी आला. ताईंचा आवाज खाली आला होता, तबला नुसता बोटांवर चालला होता, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. आणि बारा वाजायला सात मिनिटं असताना किशोरभाऊंची चिठ्ठी व्यासपीठावर गेली.

ताईंनी चिठ्ठी वाचली, एक क्षण उपेंद्ररावांकडे पाहिलं. त्यांनी खांबापासूनच दोन्ही हातांनी नको नको अशी खूण केली. पण मागून किशोरभाऊ उभे, हातात घंटेची दोरी.

"माउली, मला चिठ्ठी आली आहे," ताई म्हणाल्या. "बाहेर सूर्यनारायण ताटकळलेत आणि आत धोंडे निवत आहेत. तेव्हा आपला महिना तूर्त पायरीशीच उभा राहू दे."

लोक हसले, गजर झाला, आरती झाली, बाराचे टोल पडले, आणि तीनशे माणूस अंगणात आलं.

नळीची सावली पांढऱ्या फळीवर पश्चिमेला पसरली होती. चांगली तेरा सेंटिमीटर, काळीभोर.

"आहे की सावली," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," उपेंद्रराव म्हणाले. "वेळ बारा एकतीसची आहे. फ्लेक्सवर चूक झाली आहे. आपली घड्याळं ज्या रेषेवर लावली आहेत ती रेषा..."

पण त्यांनी सगळं मापलं होतं, एक गोष्ट मापली नव्हती. माणसं देवळात अनवाणी येतात. मे महिना, भर दुपार, काळी फरशी. रेषेचं नाव तोंडातून निघेपर्यंत पुढची रांग एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. एक आजोबा म्हणाले, "पाराशरे, तुमची सावली जाईल तेव्हा जाईल, आमच्या पायांची साल आताच चाललीय." हशा पिकला आणि माणसं अंगणाकडेच्या मांडवाच्या सावलीत पळाली. तिथं पानं मांडलेली होती. तुपाचा वास सुटला होता. अंगण रिकामं व्हायला दीड मिनिटसुद्धा लागलं नाही.

किशोरभाऊ जाता जाता जवळ आले. आवाजात खोट नव्हती, हेच जास्त लागलं. "मनाला लावून घेऊ नका. चला, जेवून घ्या."

"अठ्ठावीस मिनिटं थांबा माझ्याबरोबर. तुम्ही एकटे."

"अहो, वाढायला कोण आहे? आणि बांबूवाला खोळंबलाय वर जायला." ते गेले.

उपेंद्रराव बसून राहिले. टोपी होती, ती घालायची सुचली नाही. मांडवातून श्लोक, हसणं, वाढप्यांची हाक, सगळं ऐकू येत होतं. फळीवरची सावली आखडत होती. दहा सेंटिमीटर, आठ, सहा. बरोबर गणितानं चालली होती, आणि बघायला कुणी नव्हतं. कारखान्यात निदान लाल खूण तरी करता यायची.

सावली बोटभर उरली तेव्हा मागून पावलं वाजली. इंदिराताई होत्या, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला, डोक्यावर उपरणं.

"जेवल्या नाहीत तुम्ही?"

"बारा एकतीस म्हणाला होतात ना? मी शब्दाला बांधलेली बाई आहे."

कोपऱ्यातल्या नळावर पुतळाबाई भांडी घासत होती. पेठ तालुक्याकडची, दहा वर्षांपासून देवळाच्या भटारखान्यात. तिनं धुतलेला उंच डबा फरशीवर उभा केला आणि हात तसाच राहिला.

"ताई, या डब्याची सावली कुठं गेली?"

इंदिराताई वळल्या. डबा उभा, पण जणू फरशीला शिवलाच नाही. पुतळाबाईनं तांब्या ठेवला, त्याचीही नाही. ती उठून उभी राहिली आणि स्वतःच्या पायाखाली पाहू लागली. नळीच्या बुडाशी पांढरी फळी चारी बाजूंनी कोरी होती.

इंदिराताईंनी हात जोडले. "चाळीस वर्षं मध्यान्हीचं वर्णन करते मी," त्या हळू म्हणाल्या. "पाहिली आज."

"आमच्याकडं भाताच्या खळ्यावर खुंटा अस्तो, त्याच्या सावलीवर दुपार कळती," पुतळाबाई म्हणाली. "पण असं नाय पाह्यलं कधी. लय भारी हाय की हे. या लोकांना का नाय बोलवलं?"

उपेंद्ररावांनी कमानीवरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

जरा वेळानं किशोरभाऊ हातात तुपाची वाटी घेऊन बाहेर आले, बारा चाळीस उलटून गेले होते. नळीशी वाकून म्हणाले, "ही बघा की. दोन बोटं आहे. आता पूर्वेला."

 गेटातून दोन माणसं खांद्यावर बांबू घेऊन जिन्याकडे निघाली.

"उपेंद्रराव," इंदिराताई एकदम म्हणाल्या, "उद्या किती सावली पडेल?"

"उद्या नाही. शून्य सावली आजच."

"ते झालं. पण उद्या याच वेळेला, किती?"

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "साडेतीन मिलिमीटर. दक्षिणेला."

"तुमची नळी जाड किती?"

"पंचवीस."

"मग साडेतीन कुणाच्या डोळ्याला दिसणार?"

"मला दिसेल," उपेंद्रराव म्हणाले. "आणि ते शून्य नाही. शून्य म्हणून दाखवणं खोटं आहे, ताई. मी चौतीस वर्षांत असा एक भाग पास केलेला नाही."

"खोटं बोलू नकाच. फळ्यावर खरं लिहा. जवळजवळ शून्य, असं. अहो, चंद्रसूर्याचंसुद्धा नीट जमत नाही, तिथं देवानं अख्खा महिना वाढवून घेतला. तुम्हाला साडेतीन मिलिमीटर जड झालं?"

"आणि पायांचं काय?" किशोरभाऊ म्हणाले.

"तरटं भिजवून टाका की फरशीवर," पुतळाबाई म्हणाली. "मी टाकते. आजपण टाकली असती, कुणी इचारलं तर."

किशोरभाऊंनी पुतळाबाईच्या डब्याकडे पाहिलं. "हिनं पाहिलं खरंच?"

"हिनं आधी पाहिलं," ताई म्हणाल्या. "आणि माझा महिना पायरीवर उभा आहे, किशोरभाऊ. उद्या तो आत जाणार. बारा सत्तावीसला. चिठ्ठी पाठवलीत तर तुमच्या नावानिशी वाचून दाखवीन."

किशोरभाऊ हसले, मग जिन्याकडे बघत ओरडले, "ए, बांबू गच्चीवर उघड्यावर ठेवा. खोली उघडू नका." आणि उपेंद्ररावांना म्हणाले, "उद्या एक वाजेपर्यंत. लोक पुन्हा पळाले तर किल्ली बांबूवाल्याची. मग मला मिर्झापूर सांगायचं नाही."

चपलांच्या कपाटाशेजारी फळा होता. उपेंद्ररावांनी खडू घेतला आणि लिहिलं: उद्या दुपारी १२:३१. पुढचा शब्द लिहायला हात जाईना. जेवून बाहेर पडणारी माणसं मागून येत होती, त्यातलं एक जण म्हणालं, "काय पाराशरे, आता एकतीस मिनिटांचा नवा मुहूर्त?" त्यांनी वळून पाहिलं नाही. दात आवळून त्यांनी 'जवळजवळ' लिहिलं, शब्द मापून, सरळ रेषेत, आणि मग त्यापुढे 'शून्य सावली'.

दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ते वाचलं. परत पुढे झाले, आणि खाली कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत कंस करून लिहिलं, फरक साडेतीन मिलिमीटर, दक्षिणेस. मग खडू ठेवला आणि जेवायला कुठं जागा उरली आहे का ते बघायला गेले.