डावं वळण

उंद्रीत विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की लोक उत्तमरावांना बोलावत. ते आधी कान लावून ऐकत, आणि बहुतेक वेळा हत्यार हातात घेण्याआधीच त्यांना दुखणं कळे. म्हणून मुलाची मोटार पहिल्यांदा डाव्या वळणाला खोकून बंद पडली, तेव्हाच त्यांना कारण कळलं होतं. पण ते बोलले नाहीत.

इंद्रभाननं ती मोटार गोठ्यात दोन वर्षं खपून बांधली होती. भंगारातल्या जुन्या गाडीचा सांगाडा, पत्र्याचं बुटकं अंग, दोनच जागा, वर छत नाही. मासिकातल्या शर्यतीच्या गाडीचं चित्र त्यानं गोठ्याच्या भिंतीला चिकटवलं होतं. शेजारचे अर्जुनराव त्या बुटक्या गाडीला खाट म्हणत आणि रोज कुंपणावरून विचारत, "उत्तमराव, पोराची खाट कधी निघून राह्यली?" ऐकणारे हसत. उत्तमरावांना मात्र खाट म्हटलं की तिरडी दिसे. बायको, जनकाबाई, जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिला घरातून नेलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि आता घरात हा पोरगा एकटाच उरला होता.

दोष साधा होता. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी जागची हलत नाही, तिची नळी कुठूनही काढली तरी चालते. इंद्रभान लहानपणापासून तीच इंजिनं पाहत आलेला. त्यानं मोटारीच्या रुंद, चपट्या टाकीचीही नळी डाव्या कोपऱ्यातून काढली. गाडी डावीकडे वळली की पेट्रोल उजवीकडे धावे, नळी नुसती हवा ओढे आणि इंजिन मरे. पोरगा कार्बोरेटर पुन्हा पुन्हा धूत बसे. उत्तमराव चहा पीत बघत. मोटार बंद पडते आहे तोवर पोरगा गावात आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

मग खामगावचा एक गॅरेजवाला म्हणाला, रविवारी तुमच्या गावाखालचा घाट एका दमात चढवून दाखव, अशा दोन गाड्या तुझ्याकडून बांधून घेतो. शनिवारी सकाळी भाकरी मोडता मोडता इंद्रभाननं बापाला सांगितलं की रोग सापडला. वळणावर आपण वेग कमी करतो, म्हणून इंजिन दम सोडतं. उद्या वेग कमी करायचाच नाही.

उत्तमरावांचा घास हातातच राहिला. जितक्या जोरात वळेल तितकं पेट्रोल लवकर पळेल. घाटातलं एकेक डावं वळण त्यांना पाठ होतं. चढावर मेलेली गाडी मागे येते, मागे दरी, आणि या गाडीचा हातब्रेक नावालाच होता.

"वेगाचं काही नाही," ते म्हणाले. "नळी डावीकडं हाय. डाव्या वळणाले पेट्रोल उजवीकडं जाते."

इंद्रभाननं मान वर केली. "तुमाले कधी समजलं?"

"पयल्या दिवशी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"बंद राह्यली त तू घरी राह्यतो म्हणून."

इंद्रभाननं ताट बाजूला सारलं. "आज सांगतलं नसतं त उद्या मेलो असतो, बाबा."

"म्हणूनच त सांगतलं."

टंचाईच्या साली बैलगाडीवरच्या पिंपातून पाणी आणताना जनकाबाई पाण्यावर कडुनिंबाची डहाळी टाकायची. मग पाणी हिंदकळून सांडत नसे. टाकीतही तसाच अडसर हवा होता. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या तीन उभ्या पट्ट्या, आणि नळी मधोमध घेऊन तिच्याभोवती बुडाशी बारीक भोकं पाडलेली पितळी वाटी. पेट्रोल कुठंही धावलं तरी वाटीत घोटभर उरेल.

पण त्यासाठी टाकी कापून, पट्ट्या जोडायला कथिलाचा डाग द्यायला हवा होता. पेट्रोलचा नुसता वास उरलेला डबाही डाग देण्याच्या तापलेल्या सळईनं, डागणीनं, उडतो, हे उत्तमरावांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी टाकी सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यानं धुतली, पाण्यानं भरूनच वरचा पत्रा कापला, उन्हात वाळवली. नाक लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. स्वतःच्या नाकावर विश्वास बसेना. त्यांनी इंद्रभानला बाजारातून खिळे आणायला पिटाळलं. खिळे कशाला, हे त्यानं विचारलं नाही. तो दिसेनासा झाल्यावरच त्यांनी डागणी उचलली. ती पत्र्याला टेकली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. चर्र झालं, आणि कथिल वितळलं.

रविवारी घाटमाथ्यावर इंद्रभाननं त्यांना उतरवलं. वजन कमी पाहिजे, म्हणाला, आणि एकटाच खाली गेला. गॅरेजवाला खाली पायथ्याशी थांबला होता. उत्तमराव रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले, वहाणा काढल्या आणि ऐकू लागले.

खालून आवाज निघाला. पहिलं डावं वळण आलं. आवाज तुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. मग आवाजच येईना.

डोंगराची सोंड आड आली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. थोडं थांबले. मग उठून उताराला लागले, आणि चालता चालता कधी पळू लागले ते त्यांना कळलं नाही. प्रत्येक वळणाला काठावर जाऊन ते खाली बघत. सागाची पानं, दगड, एक फाटका टायर. तो टायर कुणाचा, हे ओळखेपर्यंत ते काठावरून हलले नाहीत. ट्रकचा होता, जुना.

वरून तिसऱ्या वळणाशी एकदम आवाज अंगावर आला. ते दरडीला चिकटले. मोटार वळणातून वर आली. इंद्रभाननं बापाला पाहिलं, त्याचं तोंड उघडलं, पण घाट एका दमात चढायचा होता. तो थांबला नाही. धुरळा उडाला आणि मोटार पुढे गेली.

पुढचं वळण डावं होतं. उत्तमराव दरडीला पाठ लावून ऐकत राहिले. आवाज वळला, बारीक झाला, पुन्हा भरला, आणि वर वर जात राहिला.

ते माथ्यावर पोचले तेव्हा मोटार सावलीत उभी होती. इंद्रभान त्यांच्या वहाणा हातात घेऊन रस्त्यावर आला होता.

"खाली काऊन गेलते, बाबा?"

"पाय मोकळे करायले."

इंद्रभाननं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग वाकून वहाणा त्यांच्यापुढे ठेवल्या.